सत्र बाद करण्याचं कारण

चष्मेवाला त्या दुपारी आला तो खरं तर चष्मा पोचवायला. मोठ्या बाईंचा वाचायचा चष्मा आठ दिवस त्याच्या दुकानात तयार पडला होता. बाई रोज "आज नेते" म्हणायच्या आणि रोज विसरायच्या. शेवटी त्याला दया आली की कंटाळा आला कोण जाणे, दुपारच्या सुट्टीत दुकानाला कुलूप घालून तो दोन जिने चढून त्यांच्या ऑफिसात हजर झाला. नेमके त्याच दिवशी चाचणीला येणारे गृहस्थ सर्दीने आडवे झाले होते. मोठ्या बाईंनी नवा चष्मा नाकावर चढवला, त्यातून त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "अर्धा तास आहे का तुमच्याकडे? एका खुर्चीत बसायचंय, बाकी काही नाही."

"दुखणार नाही ना?" त्याने विचारलं.

दाराशी वही घेऊन उभ्या असलेल्या मुलीला हसू आलं. तिने ते गिळलं. गिळण्यात ती पटाईत होती. ऑफिसात सगळे तिला मुगी म्हणत, ते तिच्या मूग गिळून बसण्यावरूनच.

पण त्यात तिचा काय दोष? कामच तसं होतं. या ऑफिसात एक ब्राउझर तयार होत होता, आणि तो साध्यासुध्या माणसांना कितपत जमतो हे बघायचं काम तिच्याकडे होतं. एक छोटी खोली, टेबल, संगणक, दोन खुर्च्या. एका खुर्चीत बाहेरून आलेला माणूस, शेजारी मुगी. माणसाने कागदावर दिलेली चार कामं करायची आणि करताना मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. मुगीने नुसतं बघायचं आणि लिहायचं. माणूस चुकला, अडला, अगदी रडकुंडीला आला तरी वाट दाखवायची नाही. मान हलवायची नाही, बरोबर जागेकडे नजरसुद्धा वळवायची नाही. फारच अडला तर एवढंच म्हणायची मुभा होती, "आता तुम्हाला काय वाटतं?" हा मोठ्या बाईंचा नियम, आणि मोठ्या बाईंच्या नियमाला अपवाद नसे.

या वेळची चाचणी मुगीच्या जिव्हाळ्याची होती. तुमचंही असं होतं बघा... आपण काहीतरी शोधतो आणि थेट एखाद्या साइटच्या मधल्याच पानावर जाऊन पडतो. परक्या घरात कुणीतरी मधल्या खोलीत आणून सोडावं तसं. कुठे आहोत कळत नाही. मग आपण "मागे" दाबतो आणि त्या साइटच्या पार बाहेर फेकले जातो. कारण ते बटण बिचारं एवढंच जाणतं की आपण आलो कुठून. आपण उभे कुठे आहोत, हे त्याला ठाऊक नसतं. त्यासाठी मुगीने एक पट्टी सुचवली होती. पत्त्याच्या खाली बारीक अक्षरांत साइटचं पहिलं पान, मग विभाग, मग आत्ताचं पान असं ओळीने दिसायचं, आणि कडेला एक बटण - "वर". ते दाबलं की आपलं पान ज्या विभागातलं, त्या विभागात जायचं. कल्पना तिची, आराखडा तिचा. दोन वर्षं ती या पट्टीपायी झिजली होती. बाकीचे म्हणत, जागा खाते. आता आठ माणसं, चार गुरुवार. त्यांना ती उपयोगी पडली तर राहणार, नाहीतर जाणार, असं ठरलं होतं.

त्या आठांतला आठवा माणूस असा सर्दीच्या कृपेने आला.

"ही एका रोपवाटिकेची साइट आहे," मुगीने ठरलेलं वाक्य वाचलं. "तुम्ही शोध घेऊन या जास्वंदीच्या पानावर आला आहात. आता घरी नेताना कुंडी फुटली तर ती बदलून मिळते का, ते शोधा."

त्याने पडद्याकडे बघितलं. "कुठे आहे ही रोपवाटिका?"

"कुठेच नाही. चाचणीसाठी बनवली आहे."

"मग कुंडी बदलून देणार कोण?"

मुगी गप्प.

"तुम्ही बोलत नाही का?"

"आता तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुम्हाला फार बोलायचंय."

मुगीने वहीत मान खाली घातली आणि उगाच तारीख पुन्हा लिहिली. तिचे कान तापले होते, आणि ते त्याला दिसत असणार ही तिला खात्री होती.

तो त्या दिवशी खरोखर चुकला. जास्वंदीवरून "मागे" गेला तो बाहेर पडला, परत आला, खतांच्या पानावर घुटमळला. चुकताना बडबड चालूच. "माझ्या दुकानात याच्या बरोब्बर उलट असतं. मी विचारत राहतो, हे नीट दिसतं की हे? आणि लोक मला फसवतात. चष्मा लागू नये म्हणून तक्त्याची शेवटची ओळ पाठ करून येतात. एक आजोबा तर तक्ता टांगायच्या आधीच म्हणायला लागले." मुगीने ओठ आवळून धरले, तरी नाकातून हसू निसटलंच. सबंध वर्षात तिच्या खुर्चीतून आलेला तो पहिला आवाज असावा.

सत्र संपल्यावर तिने सगळ्यांना सांगायची ती माहिती सांगितली. "पुढचे तीन गुरुवार यायचं. पण चारही कामं दोन मिनिटांच्या आत झाली तर मग यायची गरज नाही. ज्याला जमलं त्याला सुट्टी."

"अस्सं," तो म्हणाला, आणि जिना उतरताना एकदा मागे वळून बघितलं.

दुसऱ्या गुरुवारी तो आला तो भांग पाडून. खुर्चीत बसला, काम वाचलं आणि हरवला. हळदीच्या रोपापासून गांडूळखतापर्यंत भटकला, तिथला मजकूर मोठ्याने वाचून दाखवला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "कुंडी नाही मिळाली, पण गांडुळांबद्दल माझं मत सुधारलं." मुगीने वहीत लिहिलं : पट्टी पाहिली नाही. मग थोडं थांबून समासात लिहिलं : निळा शर्ट. मग ते खोडलं.

"हल्ली गुरुवारी तुझा चहा दोनदा गरम करावा लागतो," तिचे बाबा म्हणाले. बाबा निवृत्त झाल्यापासून दिवसभर संगणकासमोर असत आणि त्यांच्या ब्राउझरमध्ये एका वेळी सत्तर टॅब उघडे असत, कारण बंद केलेलं पान पुन्हा सापडेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. "आहे तरी कोण?"

"कुणी नाही हो बाबा. एक माणूस आहे, त्याला वाट सापडत नाही."

"मग सांग ना त्याला."

"सांगायचं नसतं."

"कठीण आहे तुमचं," असं म्हणून बाबांनी एकाहत्तरावा टॅब उघडला.

तिसरा गुरुवार आला. बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याच्या खांद्यावर बारीक थेंब होते आणि खोलीत ओल्या कापडाचा वास भरला. त्याने चष्मा काढून रुमालाने पुसला. चष्म्याशिवायचा त्याचा चेहरा तिने पहिल्यांदाच बघितला, जरा गोंधळलेला, जरा लहान. तिला एकदम वाटलं, सांगून टाकावं. वर बघा, पत्त्याच्या खाली, तिथेच आहे सगळं... पण तिने पेन घट्ट धरलं. मध्येच त्याला ठसका लागला. ती पाणी आणायला गेली आणि परत आली तेव्हा तो मोगऱ्याच्या पानावर तसाच बसून होता. त्या दिवशीही त्याला काही सापडलं नाही.

संध्याकाळी मोठ्या बाईंनी तिची वही चाळली. "बाकी सात जणांपैकी पाच सुटले, दोघांना कसंबसं जमतंय. पण हा तुझा चष्मेवाला? माणूस हुशार, डोळे शाबूत, आणि तिसऱ्या खेपेलाही याला पट्टी दिसत नसेल, तर मग ती आहे कशाला? पुढच्या वेळी त्याला जमलं तर ठीक. नाहीतर काढून टाकू आपण."

मुगी चाचणीच्या खोलीत येऊन बसली. तिला रडू येत होतं. दोन वर्षं फुकट गेल्याचं दुःख होतंच, पण त्यात आणखी एक होतं. ती ज्याच्यासाठी गुरुवारची वाट बघते, त्यालाच तिची वस्तू दिसू नये, हे तिला लागलं होतं.

सत्र झालं की ब्राउझरचा इतिहास पुसायचा, हे तिचं रोजचं काम. नाहीतर उघडून झालेल्या दुव्यांचा रंग बदललेला राहतो, आणि पुढच्या माणसाला आयती वाट सापडते. तिने यादी उघडली. पुसणार तोच तिचा हात थांबला. तीन वाजून दहा मिनिटांनी मोगरा. मग लगेच फुलझाडांचा विभाग, मग पहिलं पान, मग ग्राहकांसाठी नियम, मग फुटलेली कुंडी. तिथून वर, पुन्हा खाली, दुसरं काम, तिसरं, चौथं. एकाही ठिकाणी अडखळणं नाही. तीन वाजून अकरा मिनिटं आणि चाळीस सेकंदांनी पुन्हा मोगरा.

तीन वाजून दहा मिनिटांनी ती पाणी आणायला गेली होती.

ती कितीतरी वेळ त्या यादीकडे बघत राहिली. आधी तिला आनंद झाला, कारण पट्टी चालत होती, लोण्यातून सुरी जावी तशी. मग संताप आला. मग हा माणूस असं का करत असेल ते कळलं, आणि तिला काय वाटलं ते तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. त्या दिवशी इतिहास न पुसता तिने खोलीला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या दुकानात गेली. तो काउंटरमागे एका चष्म्याच्या काडीचा स्क्रू बसवत होता. तिला बघून स्क्रू खाली पडला आणि तो शोधण्याचा त्याने प्रयत्नही केला नाही.

"डोळे तपासायचेत," ती म्हणाली.

त्याने तिला खुर्चीत बसवलं, जड फ्रेम तिच्या नाकावर ठेवली, भिंग सरकवलं. त्याची बोटं तिच्या कानाला लागली न लागली. "वाचा."

मुगीने तक्ता वाचायला सुरुवात केली. पहिलं मोठं अक्षर चुकीचं. दुसरी ओळ सबंध चुकीची. तिसरी, चौथी... एकदाही न थांबता, खणखणीत आवाजात.

तो ऐकत राहिला. "तुम्हाला सगळं दिसतंय."

"कशावरून?"

"ज्याला दिसत नाही तो अंदाज करतो, डोळे बारीक करतो, अडखळतो. तुम्ही धडाधड चुकताय."

"तुम्हीही," ती म्हणाली.

तो काउंटरला टेकून उभा राहिला.

"मी पाणी आणायला गेले आणि तुम्ही दीड-पावणेदोन मिनिटांत चारही कामं उरकलीत."

"बघत होतो... जमतं का ते," तो म्हणाला. "दुसऱ्याच गुरुवारी जमलं होतं खरं तर. ती वरची पट्टी फार सोपी आहे."

"मग?"

"जमलं असतं तर सुट्टी झाली असती." त्याने नजर वर केली. "तुम्हीच सांगितलं होतंत. मला सुट्टी नको होती."

हे ऐकायचंच होतं तिला, आणि तरी ती पाघळली नाही, याचं श्रेय तिला द्यायला हवं. तिने फ्रेम काढून त्याच्या हातात दिली. "ती पट्टी माझी आहे. मी बनवली. दोन वर्षं. आणि तुम्हाला दिसली नाही म्हणून ती आता काढून टाकणार आहेत."

त्याचा चेहरा खरंच उतरला. "मला वाटलं, तुम्ही नुसतं लिहून घेता. सांगितलं का नाहीत?"

"सांगता येत नाही ना. सांगितलं की लोक माझ्या समाधानासाठी तिकडे बघतात."

त्याने किल्ली उचलली. "चला. बाईंना आजच भेटू."

मोठ्या बाईंनी दोघांना समोर बसवून सगळं ऐकून घेतलं. इतिहासाची यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "यात पानं दिसतात, हेतू दिसत नाही. मुगे, तुझ्या पट्टीविरुद्ध गेलेली तीन सत्रं तूच रद्द केलीस, तर उद्या कुणी म्हणेल, निकाल वाईट लागला म्हणून खोडलीस. कारण लिहून पाहिजे. यांच्या शब्दांत."

त्यांनी खणातून एक कागद काढला. सत्र बाद करण्याचा अर्ज. त्यात एक रकाना होता, कारणाचा. आजवर त्यात लोकांनी वीज गेली, तब्येत बिघडली एवढंच लिहिलं होतं.

"मी सांगतो, तुम्ही लिहा," तो मुगीला म्हणाला. "माझं अक्षर कुणाला वाचता येत नाही."

तिने पेन उघडलं.

"वाट मला माहीत होती," तो सावकाश सांगू लागला. "तरी मी तीनपैकी दोन वेळा मुद्दाम चुकलो. काम पूर्ण केलं असतं तर पुन्हा यायला मिळालं नसतं, आणि..." तो थांबला. "आणि शेजारच्या खुर्चीतल्या बाई मला आवडल्या आहेत. त्या काही बोलत नाहीत, तरी त्यांच्यासमोर बसलं की बरं वाटतं. त्यांचं नुकसान होतंय हे मला ठाऊक नव्हतं. त्याबद्दल मी माफी मागतो. लिहिलंत?"

मुगीने लिहिलं होतं. अक्षर तिचं राहिलं नव्हतं, पण वाचता येत होतं.

मोठ्या बाईंनी कागद वळवून वाचला. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "ठीक. आता एक प्रश्न तुला. हे एका बाजूचं आहे की दोन्ही बाजूंचं?"

"म्हणजे?"

"एका बाजूचं असेल तर यांची सत्रं बाद, नवा आठवा माणूस गुरुवारी बोलावू, आणि तू नेहमीसारखी बसशील. दोन्ही बाजूंचं असेल तर तुझ्याही नजरेवर भरवसा ठेवता येत नाही. चाचणी मी घेईन. तू खोलीत नसशील. निकाल जो येईल तो येईल, त्यावर तुला शब्द बोलता येणार नाही. विचार करून सांग, घाई नाही."

चष्मेवाला घाईघाईने म्हणाला, "एका बाजूचं लिहा. माझ्या बाजूचं. त्यांनी काही..."

"तुम्हाला विचारलेलं नाही," बाई म्हणाल्या.

मुगी कागदाकडे बघत बसली. दोन वर्षांची पट्टी, आणि तिची शेवटची चाचणी. त्या खोलीत ती असती तर माणसाच्या हाताची प्रत्येक हालचाल तिला दिसली असती. पुढे काही सुधारायचं झालं तर कुठे सुधारायचं ते कळलं असतं. नुसतं "एका" म्हटलं की झालं, कुणाला कळणारही नव्हतं. पण तिचं अख्खं काम लोकांनी खरं सांगावं यावरच चालत आलं होतं. आणि शेजारी बसलेला माणूस तिच्यासाठी आत्ताच स्वतःचं हसं करून घेऊन मोकळा झाला होता.

"दोन्ही," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे बघितलं. ती बघत नव्हती. बाईंनी तो शब्द स्वतःच्या हाताने रकान्यात लिहिला, खाली सही केली आणि म्हणाल्या, "गुरुवारी तीन वाजता. बाहेरच्या बाकावर बसलात तर माझी हरकत नाही."

गुरुवारी आठव्या म्हणून एक निवृत्त हेडमिस्ट्रेस आल्या, काठी टेकत. दार बंद झालं. बाहेर बाकावर एका टोकाला मुगी, दुसऱ्या टोकाला चष्मेवाला, मध्ये त्याची छत्री. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं. आतून काठी सरकल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

"घाबरलात?" त्याने विचारलं.

"हो."

"आता नियम लागू नाही ना तुम्हाला? बोलता येतं?"

"येतं," ती म्हणाली, आणि बोलायला लागली. आधी दबकत. मग जे सुटली ते सुटलीच. पट्टीचं पहिलं चित्र तिने बाबांच्या औषधाच्या कागदावर काढलं होतं, ते सांगितलं. बाबांचे सत्तर टॅब सांगितले. गांडुळांच्या वेळी तिने गालाची आतली बाजू दाताखाली धरली होती, ते सांगितलं. समासातला निळा शर्टसुद्धा सांगितला. तो हसत होता, मध्येच एखादा प्रश्न विचारत होता. छत्री कधी जमिनीवर गेली ते दोघांपैकी कुणी पाहिलं नाही.

"त्या दिवशी मी 'दोन्ही' म्हटलं," ती शेवटी म्हणाली, "ते कागदासाठी होतं. बाईंनी विचारलं म्हणून. तुम्हाला मी अजून काहीच सांगितलेलं नाही."

"सांगा मग."

"मला तुम्ही आवडता. फार आवडता. चुकता तेव्हासुद्धा... पण पुन्हा मुद्दाम चुकू नका."

"नाही चुकणार," तो म्हणाला. त्याने हात पुढे केला. तिने तो धरला.

"झालं का तुमचं?"

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या, शेजारी हेडमिस्ट्रेस. त्या कधीपासून तिथे होत्या देव जाणे. ज्या दाराकडे दोन वर्षं डोळे लावून बसावं ते दार उघडलं होतं, आणि मुगीला त्याचा पत्ताच नव्हता. ती दचकून उठली, पण हात सोडायचं तिला सुचलं नाही.

"मघापासून सांगतेय," मोठ्या बाई म्हणाल्या. "पट्टी राहणार."

"कसली पट्टी?" हेडमिस्ट्रेसनी विचारलं. "मला तर काही दिसली नाही बाई. मी आपली वर गेले, तिथून नियम वाचले. कुंडी बदलून देतात म्हणे." त्यांनी दोघांच्या हातांकडे पाहिलं. "तुम्ही कशाला आला होतात?"

"मी चष्मा द्यायला आलो होतो," चष्मेवाला म्हणाला.

"कधी?"

"तीन आठवडे झाले," तो म्हणाला, आणि मुगी मोठ्याने, अगदी दोन जिने खाली ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हसली.